"कुठं लिहिलंय ते टाक": बेळगावकडच्या लॉच्या पोरांचा ग्रुप सुधारताना

रिझल्ट लागला की आमच्याकडं एकच प्रश्न सगळीकडून यायला लागतो, लॉला कुठं जाऊ? बेळगाव की कोल्हापूर, डिग्रीनंतरचं तीन वर्षांचं की बारावीनंतरचं पाच वर्षांचं, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा लागते का, कन्नड लिहिता येत नसेल तर जमतंय का, आणि सगळ्यात जास्त वेळा, "ताई, लास्ट डेट कधी आहे?" मी खानापूर तालुक्यातली. बीए करून बेळगावात तीन वर्षांच्या एलएलबीला आले, आता शेवटच्या वर्षाला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूच्या लॉच्या पोरापोरींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो सांभाळणाऱ्यांपैकी मी एक. गेल्या काही महिन्यांत आम्ही तो ग्रुप बराच बदलला, कसा आणि का ते लिहून ठेवते, दुसरीकडं कुणी असलं काही चालवत असेल तर उपयोग होईल.

सिनियरनी ग्रुप सुरू केला तेव्हा हेतू चांगलाच होता. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात वकील सोडा, पहिल्यांदा डिग्री करणारं माणूस म्हणजे आपणच. विचारायचं कुणाला? म्हणून ग्रुप. पण मेंबर वाढत गेले तसं त्यात गुड मॉर्निंगचे फोटो, वाढदिवस, भरतीच्या लिंका, "कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स कुणाकडं हायत का" असं सगळं एकावर एक पडायला लागलं. कुणी प्रवेशाबद्दल विचारलं तर चार जण चार उत्तरं द्यायचे आणि थोड्या वेळात ते सगळं वर सरकून जायचं, की दुसरा कोणतरी तोच प्रश्न परत विचारायचा आणि त्याला पाचवं उत्तर मिळायचं.

निपाणीकडच्या एका मुलाचं वर्ष असंच गेलं. आई विड्या वळते, मुलगा हुशार, मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावी, केलेला. त्याला ग्रुपवर कुणीतरी छातीठोक सांगितलं की सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात लॉला वेगळ्या सीटा असतात, घाई करू नकोस, तिकडचंच बघ. आता इंजिनीअरिंगच्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा प्रकार आहे हे खरं, महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या घरांत हे सगळ्यांना माहीत असतंय. कुणीतरी ते उचलून लॉला चिकटवलं. लॉच्या माहितीपुस्तिकेचं पान मात्र एकानंही टाकलं नव्हतं. तो थांबला, इकडच्या कॉलेजांचे प्रवेश बंद झाले, तिकडं सीईटीच दिली नव्हती त्यामुळं तिकडचंही दार बंद. तो एक शब्द न बोलता ग्रुप सोडून गेला. मला हे फार लागलं. ज्यानं सांगितलं तो वाईट मुलगा नाही, त्याला मदतच करायची होती. पण मदत करायची इच्छा आणि मदत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला घरात विचारायला कुणी नाही त्याचं नुकसान सगळ्यात जास्त होतंय.

मग आम्ही काही जण टिळकवाडीत चहाला बसलो, मी, माझी एक वर्गमैत्रीण, पाच वर्षांच्या कोर्सचा एक मुलगा आणि नुकतीच वकिलीची सनद घेतलेला एक दादा. ग्रुपचं सगळं जुनं चॅट एक्स्पोर्ट केलं, प्रिंट काढली आणि पेन घेऊन वाचत गेलो. काम कंटाळवाणं होतं पण करायलाच पाहिजे होतं, कारण त्यातूनच कळलं की प्रश्न फार थोडे आहेत, तेच तेच आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर कुठं ना कुठं छापलेलं आहे. विद्यापीठाच्या नोटिफिकेशनमध्ये, वकिलांची नोंदणी आणि लॉच्या शिक्षणाचे नियम बघणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत, महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या पुस्तिकेत. ते पान समोर ठेवायची सवय तेवढी कुणाला नव्हती.

म्हणून पहिला नियम तोच केला. प्रवेश, पात्रता, फी, तारीख, यातल्या कशाचंही उत्तर द्यायचं तर कुठं लिहिलंय ते टाकायचं. पानाचा फोटो, कुठल्या वर्षाचं, कधी बघितलं. पान नसेल तर "मला असं वाटतंय, खात्री नाही" असं स्पष्ट लिहायचं. सुरुवातीला लोकांना हे अपमानासारखं वाटलं. एका सिनियर दादानं फोन करून सुनावलं, "आम्ही काय खोटं सांगूलाव काय? आमच्याकडं पुरावे मागणार तुम्ही?" मी म्हटलं, दादा, तुमच्यावर अविश्वास नाही, पण उद्या कोर्टात उभं राहून तुम्ही नुसतं "मला माहीत आहे" म्हणून चालणार आहे काय, सेक्शन दाखवायलाच लागतोय ना, मग त्या पोराला पण दाखवू की. ते थोडे दिवस गप्प होते. नंतर सगळ्यात व्यवस्थित पानं टाकणारे तेच झाले.

या नियमाचा खरा उपयोग कळला तो एका ताईंच्या प्रश्नावर. अंगणवाडीत काम करतात, वय चाळिशीच्या आसपास, दहावीच्या आधी शाळा सुटलेली. नंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन तिथूनच बीए केलं. आमच्या भागात असं शिकलेल्या बायका आणि माणसं बरीच आहेत आणि त्या डिग्रीमागं किती कष्ट आहेत ते मला माहीत आहे. त्यांनी विचारलं, माझ्या बीएवर एलएलबीला प्रवेश मिळतो का? जुन्या पद्धतीप्रमाणं पटापट उत्तरं आली, "चालतंय की", "ग्रॅज्युएशन म्हणजे ग्रॅज्युएशन", "माझ्या काकांनी केलंय". मग एकानं लिहिलं, कुठं लिहिलंय ते टाका. आणि पान शोधल्यावर चित्र उलटं निघालं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे रूल्स ऑफ लीगल एज्युकेशन आहेत, त्यातला ५ वा नियम पात्रतेचा. त्याच्याखाली स्पष्टीकरण दिलंय की मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून बारावी किंवा पदवी घेतलेले लॉच्या कोर्सला पात्र नाहीत. म्हणजे दहावी, बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही, पण पूर्वतयारीवरून थेट पदवी असेल तर हा नियम आडवा येतो.

हे त्यांना सांगायचं कसं यावर आमचं बरंच बोलणं झालं. ग्रुपवर सगळ्यांसमोर "तुम्ही पात्र नाही" असं टाकायचं नाही हे ठरलं. माझ्या मैत्रिणीनं त्यांना फोन केला, पान पाठवलं, मराठीत समजावून सांगितलं, आणि म्हणाली की आम्ही सांगतोय म्हणून सोडून देऊ नका आणि कुणी "करून देतो" म्हणतंय म्हणून पैसेही भरू नका, आधी विद्यापीठाला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. सनद घेतलेल्या दादानं अर्ज लिहून दिला. त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण फी भरून, वर्ष घालवून, मग वकील म्हणून नावनोंदणीच्या वेळी हे कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. त्यांची मुलगी पीयूसीला, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीला, आहे, ती आता ग्रुपवर आहे.

दुसरं मोठं काम म्हणजे कॅलेंडर. आमच्याकडं पोरं लॉचा विचार रिझल्टनंतर करतात, आणि तोपर्यंत अर्धे रस्ते बंद झालेले असतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतंय. नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा क्लॅट हल्ली डिसेंबरमध्येच होते, म्हणजे सेकंड पीयूसीचं वर्ष अजून चालू असतानाच. फॉर्म त्याच्या आधी. फी जनरलला ४००० आणि एससी, एसटीला ३५००, हा आकडा ऐकूनच बरीच पोरं मागं फिरतात. पेपर फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकलं तर पाव मार्क कट, सगळं उताऱ्यांवर. मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या पोराला हे जड जातं, पण अशक्य नाही, फक्त अकरावीपासून रोज इंग्रजी वाचायला पाहिजे. आणि एक गोष्ट तर आमच्यापैकी बहुतेकांना माहीतच नव्हती. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात किमान १० वर्षं शिकलेल्यांसाठी २५ टक्के जागा आहेत. तिथं मातृभाषा कुठली हा प्रश्न नाही, कुठं शिकलात हा आहे. खानापूरच्या मराठी शाळेत पहिलीपासून शिकलेली पोरगी त्यात बसते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे मला बारावीच्या आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

महाराष्ट्राची एमएच सीईटी साधारण मार्च ते मेच्या दरम्यान, सीईटी सेल घेतं. पेपर मराठीतूनही असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं आमच्या पोरांना ती जवळची वाटते. पण आपण तिकडं बाहेरच्या राज्यातले ठरलो तर कर्नाटकचा जातीचा दाखला तिकडं आरक्षणाला चालत नाही. इकडं मराठा समाज आरक्षणाच्या ३बी गटात येतो, तो दाखला घेऊन पोरं कोल्हापूरला जातात आणि ओपनमध्ये धरलं म्हणून रडत येतात. आणि इकडं, कर्नाटक स्टेट लॉ युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे हुबळीच्या केएसएलयूच्या संलग्न कॉलेजांना प्रवेश परीक्षाच नाही, मार्कांवर प्रवेश, ओपनला किमान ४५ टक्के, एससी, एसटीला ४०. म्हणून पोरं म्हणतात "ते काय, कधीपण मिळतंय" आणि तिथंच फसतात. मायग्रेशन सर्टिफिकेट, टीसी, नाडकचेरीतून, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीतून, जात आणि उत्पन्नाचा दाखला, हे गोळा करण्यात दिवस जातात. शिवाजी विद्यापीठाची डिग्री असेल तर मायग्रेशन कोल्हापूरहून आणायला लागतंय, ते काय एका दिवसात होत नाही.

हे सगळं एका पानात लिहून ग्रुपच्या वर पिन केलं. मराठीत एक, कन्नडमध्ये एक. कन्नडचं आमच्याच वर्गातल्या एका मुलानं केलं, कारण ग्रुपवर कन्नड पोरं पण आहेत आणि असायलाच पाहिजेत.

कॉलेज निवडण्याच्या बाबतीत ग्रुपवर नेहमी नाव, रँक, बिल्डिंग यावरच बोलणं व्हायचं. बेळगावचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं, कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज १९३३ चं, दोन्ही जुनी आणि दोन्हींबद्दल आमच्याकडं अभिमान. पण पोरींचे प्रश्न वेगळे होते आणि ते त्या ग्रुपवर विचारत नव्हत्या, आम्हाला पर्सनल मेसेज करून विचारायच्या. निपाणीची एक मुलगी घ्या, तिला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. पण शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसनं फुकट जाता येतंय, राज्याबाहेर गेलं की तिकीट. रोज येणं-जाणं धरलं तर वर्षाचा हिशेब पार बदलतो, आणि घरातून परवानगी मिळणार का नाही ते पण त्याच्यावर ठरतं. शेवटची बस किती वाजता, कॉलेज सुटल्यावर सीबीटी बस स्टँडला पोचायला किती वेळ, लेडीज हॉस्टेल आहे का, हे प्रश्न रँकपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत. आता त्याचीही एक यादी आहे आणि ती रोज ये-जा करणाऱ्या पोरींनीच लिहिली आहे.

पोरी ग्रुपवर का बोलत नव्हत्या ते पण विचारलं. कारण सरळ होतं. प्रश्न टाकला की रात्री अनोळखी नंबरवरून "हाय", "कुठल्या गावची", "मी नोट्स देतो" सुरू. एकीनं तर त्यामुळं ग्रुप सोडला होता. हे आम्ही हलक्यात घेतलं नाही. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतला अनाउन्समेंट ग्रुप वापरायला लागलो, त्यात मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, महत्त्वाची माहिती तिथं. ज्याला नाव पुढं करायचं नाही त्यानं ॲडमिनला प्रश्न पाठवायचा, आम्ही नाव न घालता टाकतो. ॲडमिनमध्ये निम्म्या मुली. आणि कुणी विनाकारण पर्सनल मेसेज केला तर स्क्रीनशॉट बघून थेट काढणार, चर्चा नाही, "चांगला पोरगा आहे, एक चान्स द्या" नाही. काहींना काढलं. थोडी कुरकुर झाली. पण त्यानंतर मुलींचे प्रश्न मोकळेपणानं यायला लागले आणि ग्रुपचं वळणच बदललं.

नोट्सचं प्रकरण आणखी वेगळं. ड्राइव्हवर पीडीएफचा डोंगर झाला होता, कुणी कधी टाकलंय पत्ता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि आमच्या ड्राइव्हवर सगळं आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स ॲक्ट या त्यांच्या आधीच्या कायद्यांचं. फर्स्ट इयरची पोरं तेच पाठ करत होती. नुसता नंबर बदलला असता तर एकवेळ चाललं असतं, पण जुना नंबर नव्या कायद्यात भलत्याच गोष्टीवर बसलाय. खून आयपीसीत ३०२ होता, आता न्याय संहितेत १०३. न्याय संहितेचं ३०२ काढून बघितलं तर तिथं धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं कलम आहे. सीआरपीसीचं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला त्याच्याखाली जायचे. आता ते ५२८ ला गेलं, आणि नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जे आधी ४३८ होतं. जुन्या नोट्सवरून अभ्यास केलेल्यानं "४८२" ऐकलं की तो सगळा गोंधळ.

पण जुनं फेकून पण देता येत नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू, कोर्टात त्या केसेस अजून चालू आहेत. इंटर्नशिपला गेलेली आमची एक ज्युनियर म्हणाली, ताई, सरांच्या टेबलावर एका गठ्ठ्यात ४२० आणि दुसऱ्या गठ्ठ्यात ३१८(४), दोन्ही फसवणुकीचेच. म्हणून आम्ही प्रत्येक फाईलवर कायदा, वर्ष आणि "जुना" की "नवा" असं नाव घातलं, ज्याचं काहीच कळत नव्हतं ते काढून टाकलं, आणि एक तुलनेचा तक्ता केला. तक्ता कुणीही केला तरी दुसऱ्यानं बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, उघडून तपासल्याशिवाय चढवायचा नाही. हे काम फर्स्ट इयरच्या पोरांना दिलं, मुद्दाम. तपासता तपासता त्यांचं पाठ झालं.

भाषेबद्दल थोडं लिहायला पाहिजे. मराठी शाळेतून आलेलं पोरगं पीयूसीला इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये जातं, लॉला आलं की पेपर इंग्रजी किंवा कन्नडमध्ये लिहायचा, आणि खालच्या कोर्टात कामकाज कन्नडमधून. जाम ताण येतो त्याचा. ग्रुपवर कुणी मोडकं इंग्रजी लिहिलं की हसणारे इमोजी पडायचे, त्यामुळं पोरं विचारायचीच नाहीत. आम्ही ठरवलं, मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हीची खिचडी, काहीही चालेल, व्हॉइस नोटपण चालेल, पण भाषेवरून हसायचं नाही. रविवारी संध्याकाळी कन्नडचा तास सुरू केला. कन्नड मुलंच शिकवतात, समन्स, फिर्याद, जामीन अर्ज असले साधे कागद वाचून दाखवतात. मी स्वतः त्या तासाला बसते. इथं प्रॅक्टिस करायची तर पक्षकाराचं म्हणणं आणि कोर्टाचा कागद, दोन्ही समजायलाच पाहिजे.

आणि सीमाप्रश्न. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी बाजूचा काळा दिन, जवळ आला की ग्रुप पेटायचा. आमच्या घरातल्या भावना मला सांगायला नकोत, मी त्याच घरातली आहे. पण प्रवेशाची माहिती शोधायला आलेला मुलगा, मराठी असो की कन्नड, त्या भांडणात बिचकून जायचा. नियम केला की राजकीय मेसेज इथं नाही, कुठल्याही बाजूचा. मात्र विषय टाळायचा नाही, अभ्यासायचा. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला तो घटनेच्या कलम १३१ खाली. एका संध्याकाळी आम्ही फक्त तेवढंच कलम घेतलं, राज्याराज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात का जातो, कलम ३ खाली राज्याच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे तर मग कोर्ट काय बघणार. मराठी आणि कन्नड पोरं शेजारी शेजारी बसून वाद घालत होती, आवाज चढले, पण प्रत्येक जण कलम दाखवत होता. मला तो तास फार आवडला.

एजंटांना आम्ही पूर्ण बंदी घातली. "कॉलेजला न येता डिग्री", "घरबसल्या एलएलबी" असले मेसेज यायचे आणि नोकरी करणारी माणसं त्याला भुलायची. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरी लागते, खास कारण असेल तर ६५ पर्यंत सूट, आणि दूरशिक्षणाच्या एलएलबीवर सनद मिळत नाही. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. हे पान आता असा मेसेज दिसला की कुणीही टाकतं, ॲडमिनची वाट बघत नाही.

शेवटच्या वर्षाच्या आणि पास झालेल्या पोरांसाठी वेगळा ग्रुप केला, कारण त्यांचे प्रश्न प्रवेशाच्या गर्दीत बुडून जायचे. तिथं आता सनदेवर बोलणं असतं. राज्य बार कौन्सिलांनी नोंदणीला किती पैसे घ्यायचे यावर सुप्रीम कोर्टाचा ३० जुलै २०२४ चा गौरव कुमार केसमधला निकाल आहे, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या २४(१)(फ) मध्ये दिलेल्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येत नाही, म्हणजे जनरलला ७५० आणि एससी, एसटीला १२५ रुपये. आमच्यातल्या काहींनी नोंदणीसाठी कर्ज काढायचं ठरवलेलं होतं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट. प्रॅक्टिससाठी लागणारी ऑल इंडिया बार एक्झाम मराठीतूनही देता येते आणि कन्नडमधूनही, नोट्स नसलेला बेअर ॲक्ट आत न्यायला चालतो, पास व्हायला ४५ टक्के, एससी, एसटीला ४०.

सध्या तिथं सगळ्यात जास्त चर्चा कोल्हापूरची आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, आणि निपाणी, चिकोडीकडच्या पोरांना कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाडच्या खंडपीठापेक्षा ते जवळ. मग सनद कर्नाटक बार कौन्सिलची घ्यायची की महाराष्ट्र-गोव्याची? ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३० म्हणतं की वकिलाला देशभर प्रॅक्टिस करता येते, कलम १८ खाली एका राज्याच्या रोलवरून, म्हणजे वकिलांच्या यादीवरून, दुसऱ्या राज्याच्या रोलवर नाव हलवता येतं. तरी रोजच्या कामाच्या दृष्टीनं कुठली बरी, यावर दोन्हीकडच्या वकिलांना बोलवून एक संध्याकाळ ठेवतोय.

आता राहिलेलं काम म्हणजे ज्यांच्यापर्यंत ग्रुप पोचतच नाही त्यांचं. क्लॅटचा फॉर्म सुटायच्या आत पीयू कॉलेजांत जाऊन कॅलेंडर लावायचं आणि अर्धा तास पोरांशी बोलायचं, असं ठरवलंय. खानापूर आणि नंदगडला सुरुवात झालीय. निपाणीच्या त्या मुलाला माझ्या मैत्रिणीनं शोधून काढलं, त्यानं यंदा बेळगावात पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेतला, आणि निपाणीच्या कॉलेजात बोलायला तोच येणार आहे. रायबाग, अथणीकडं आमचं कुणी नाही. तिकडचं कुणी लॉला असेल तर तुमच्या पीयू कॉलेजच्या प्राचार्यांची वेळ तेवढी घेऊन ठेवा, मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती घेऊन आम्ही येतो.